फडाचा नाद

गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम वेशीकडे, देवळाकडे, वाड्याच्या पडक्या बुरुजाकडे आणि दप्तरातील जीर्ण कागदांकडे जाते. या सर्व वस्तू डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. परंतु गाव नुसते दिसत नसते, ते ऐकूही येत असते. पहाटेच्या जात्याची घरघर, मोटेच्या चाकाची कुरकुर, सांजेची आरती आणि बांग, आणि वर्षातून एखाद्या रात्री साऱ्या पंचक्रोशीला जागे ठेवणारी ढोलकीची थाप, हाही त्या गावाचा इतिहासच होय. अडचण एवढीच की, ध्वनी उमटतो आणि विरतो. त्याचा शिलालेख मागे राहत नाही. म्हणून एखाद्या मुलखातील माणसे एकत्र जमून काय ऐकत होती, कशी ऐकत होती, आणि ऐकताना त्यांच्या देहाला व मनाला काय होत होते, याचा शोध घेणे कठीण खरे; पण निरर्थक मात्र नव्हे.

अशा शोधासाठी कडेगावासारखे ठिकाण सोयीचे आहे. कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव वसले आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हापासून कडेगाव कागदोपत्री सांगलीकडचे. परंतु बोलीने, सोयरिकीने आणि बाजारहाटाने त्याचे दोन्ही जिल्ह्यांशी नाते आहे. कृष्णाकाठची ऊस पिकविणारी काळी जमीन एका बाजूस आणि माणदेशाकडचा कोरडा माळ दुसऱ्या बाजूस, अशा सांध्यावरच्या या मुलखात पोवाडा, लावणी आणि वग यांचे पीक मात्र कधी बुडाले नाही.

कडेगावचे नाव बाहेरच्या जगात गाजले ते मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांमुळे. कळकांच्या सांगाड्यावर रंगीबेरंगी कागद चढवून उभारलेले हे उंच ताबूत खांद्यांवर घेऊन निघतात, आणि चौकात त्यांच्या भेटी होतात. या सोहळ्यात हिंदू आणि मुसलमान दोघांचाही हात आणि दोघांचाही मान आहे. मोहरम हे मूळचे शोकपर्व. त्यास करमणूक म्हणणे कोणासही शोभणार नाही. तथापि, उघड्या जागी जमलेला प्रचंड समुदाय एका नादाने कसा बांधला जातो, हे पाहावयाचे असेल तर ही भेट पाहावी. माना मागे टाकून वर पाहणारे हजारो लोक, पुढच्या माणसाच्या पाठीची ऊब, ऊद आणि धूळ यांचा मिसळलेला वास, आणि वाद्यांचा ठेका. हा ठेका केवळ कानांसाठी नसतो. अवजड वस्तू पुष्कळांनी मिळून उचलावयाची असते तेव्हा सर्वांची पावले एका वेळी पडली पाहिजेत. तो मेळ ठेका घालतो. म्हणजे येथे नाद ओझे वाहतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे असल्यामुळे हे पर्व सर्व ऋतूंतून फिरते. कधी ते उन्हात येते, तर कधी पावसात. ऋतू बदलतो, ठेका बदलत नाही.

केवळ रसिकतेसाठी जमणारा समुदाय पाहावयाचा तर यात्रेतील तमाशाकडे वळले पाहिजे. चैत्र-वैशाखात सुगी आटोपली म्हणजे या भागातील गावोगाव ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचे मैदान, असा यात्रेचा परिपाठ. दिवसा तापलेली जमीन रात्रीही उबदार असते. तीवर घोंगडी टाकून माणसे बसत. फड सपाट जमिनीवर, आणि त्याभोवती माणसांचे कडे. पुढे पोरे, मागे थोरले, त्यांच्यामागे गाड्यांच्या जुवांवर चढून बसलेले परगावचे. स्त्रिया त्या काळी या गर्दीत येत नसत. नाचणारी स्त्री सर्वांना हवी, पाहणारी स्त्री मात्र चालावयाची नाही, अशी ती रीत होती. उजेड मशालींचा आणि दिवट्यांचा, पुढे गॅसबत्तीचा. जळत्या तेलाचा धूर डोळ्यांत जाई, आणि हलत्या ज्योतीबरोबर नाचणारीच्या सावल्या कनातीवर मोठ्या होत.

तमाशाच्या आरंभी गण, मग गवळण, मग बतावणी, लावण्या, आणि सर्वांच्या शेवटी वग, हा क्रम ठरलेला. वग रंगात येता येता मध्यरात्र उलटून जाई, आणि त्याचा शेवट व्हावयास पूर्वेकडे फटफटू लागे. हा क्रम मुद्दाम ध्यानात ठेवावयाचा आहे. तमाशा ही रात्रीच्या मापाने बेतलेली कला आहे. रात्र कापली तर कलाच कापली जाते.

आता प्रश्न असा की, विजेचे यंत्र नसताना शेवटच्या रांगेतील माणसाला ऐकू कसे येई? उघड्या जागी ध्वनीचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाई होते. भिंत नाही, छत नाही. आवाज परतून येण्यास आधार नाही. या अडचणीवर फडाने जी युक्ती काढली ती त्याच्या वाद्यांच्या आणि सुरत्यांच्या मांडणीत दिसते. हलगी घ्या. तिचे कातडे शेकोटीवर शेकून ताणून घेतात. मग तिच्या टणत्कारात अशी धार येते की गलका कितीही असो, तो चिरून ती दूर पोचते. ढोलकीची एक पुडी शाईची, ती बोल स्पष्ट काढते. दुसरीस आतून मसाला लावलेला, ती घुमते. तुणतुण्याची एकच तार सबंध रात्र सूर धरून असते, आणि झांजेचा खणखणाट लयीच्या कडा दाखवितो. थोडक्यात, तीक्ष्ण आणि खर्जातले, तुटक आणि अखंड, असे सर्व प्रकारचे नाद या चार-पाच वाद्यांत वाटून दिलेले आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट झीलकऱ्यांची. मुख्य शाहिराने ओळ टाकली की मागे उभे असलेले सुरते कानावर हात ठेवून तिचा शेवट उंच स्वरात उचलून धरतात. अनभिज्ञास हा नुसता आरडाओरडा वाटतो. वस्तुतः त्यात दोन कामे साधतात. गाणाऱ्यास श्वास घेण्यास अवसर मिळतो, आणि ओळीचा अर्थ जेथवर पोचला नसेल तेथवर तो उंच सुरावर बसून जातो. ज्याला आपण आज ध्वनिवर्धन म्हणतो ते काम येथे माणसांच्या छातीने केले जात होते.

परंतु झील कितीही उंच गेली तरी फडाचे निम्मे ऐकू येणे प्रेक्षकांच्या हाती असे. बतावणीतील सोंगाड्याचा विनोद हलक्या आवाजाचा; पुढच्या रांगा हसल्या आणि मागच्यांना कळले नाही तर मागून लगेच 'गप बसा' अशी हाकाटी होई. गर्दी आपणहून शांत राहिली तरच गर्दीला ऐकू येणार, हा न सांगितलेला करार होता. आणि मग ढोलकी घुमू लागली की तो करार वेगळ्याच रीतीने फिटे. खर्जाचा नाद कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतो. बसल्या जागी जमीन थरथरल्याचा भास होतो. अनोळखी माणसांचे गुडघे एकाच लयीत हलू लागतात. मागे उभ्या असलेल्यास वादकाचा हात आधी दिसतो आणि थाप क्षणभराने ऐकू येते, कारण ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर एवढेच चालतो. तेवढ्या विलंबातही एक गंमत असे: आपण कितव्या रांगेत आहोत ते प्रत्येकास आपापल्या कानांनी कळे.

या फडाचा मोठा कवी याच मुलखाने दिला. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या कृष्णाकाठच्या गावी १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पुढे पठ्ठे बापूराव म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाले. कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने लेखणी-दप्तर टाकून ढोलकीच्या मागे जावे, आणि पवळेसारख्या अस्पृश्य मानलेल्या समाजातील कलावतीबरोबर उघडपणे फड उभारावा, यामुळे त्या काळी केवढा गहजब झाला असेल याची कल्पना करता येते. १९४५ साली पुण्यात बापूरावांचा अंत झाला. येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. ज्यांच्या हातांनी हलगी वाजत होती आणि ज्यांच्या पायांत चाळ होते, ते बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतील होते. रात्री त्यांच्या नादाने गाव एक होई. उजाडल्यावर तोच गाव त्यांना वेशीबाहेर ठेवी. नादाने जोडलेले रूढीने पुन्हा तोडले, हेही त्या इतिहासाचे एक पान आहे.

याच वाळवे तालुक्यात वाटेगावी १९२० साली अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि तमाशाच्या त्याच सांगाड्यात गिरणी कामगारांचे व शेतकऱ्यांचे प्रश्न घातले. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात पत्री सरकारचा लढा चालू होता. तेथेही पोवाड्याची ललकारी माणसे जमविण्याचे काम करीत होती. सरकार ढोलकीला भ्याले ते उगीच नव्हे. या कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली, तशीच ती तमाशावरही आली. कायदा आणि फड यांची गाठ अशी जुनी आहे.

इतक्यात एक नवे वाद्य आले. त्यास वाद्य म्हणावयाचे की नाही हाच वाद आहे. ते म्हणजे लाउडस्पीकर, आपल्याकडील लोकांच्या तोंडी कर्णा. अमेरिकेत १९१५ साली असा कर्णा लोकसमुदायापुढे वाजला, १९२५ साली त्याची सुधारलेली रचना सिद्ध झाली, आणि १९३० नंतर आपल्या देशात राष्ट्रसभेच्या अधिवेशनांतून त्याचा उपयोग होऊ लागला. पुढाऱ्यापाठोपाठ तो शाहिराकडे आला. तंबूचे, तिकिटाचे तमाशे निघाले. गॅसबत्तीच्या जागी विजेचे दिवे, बैलगाडीच्या जागी मोटारी आणि जनित्र आले. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू अशा तंबूंतूनच महाराष्ट्राच्या घरोघरी ओळखीचे झाले.

कर्ण्याचे उपकार नाकारता येत नाहीत. सोंगाड्याची कुजबुजही शेवटच्या रांगेस कळू लागली. शाहिराचा घसा वाचला. परगावचा माणूस आता गाडीच्या जुवावर चढल्यावाचून ऐकू शकतो. परंतु प्रत्येक उपकाराची काही किंमत असते. ध्वनिग्राहकाचा खांब एके ठिकाणी रोवलेला. म्हणून फडभर फिरणारा नट त्याच्यापाशी येऊन उभा राहू लागला. झीलकऱ्यांचे अर्धे काम यंत्राने घेतले. आणि प्रेक्षकांचा तो जुना करार निकालात निघाला. गर्दी बोलली तरी यंत्र तिच्यावर ताण करते. गर्दीने आवाज वाढविला की यंत्राची कळ आणखी पिळावयाची. गप्प राहण्याची गरज संपली तशी ऐकण्याची सवयही सैल झाली.

हीच कथा सातासमुद्रांपलीकडे फार मोठ्या प्रमाणावर घडली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्क येथील शे क्रीडांगणात 'बीटल्स' या इंग्रज चौकडीचा कार्यक्रम झाला. ५५ हजारांहून अधिक श्रोते जमले होते, आणि त्यांचा चीत्कार एवढा की गाणाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. यंत्र गर्दीपुढे हरले. तेव्हा यंत्र मोठे करणे हाच उपाय ठरला. १९६९ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातील एका गवळ्याच्या शेतावर 'वुडस्टॉक' महोत्सवास चार लाखांवर माणसे जमली; चिखलात, पावसात त्यांनी दिवस आणि रात्री काढल्या. हे ज्यास रॉक संगीत म्हणतात ते त्या काळापासून कान, डोळे आणि कातडी या तिन्हींनी घ्यावयाची वस्तू झाले. खर्जाच्या गिटारीचा आघात बरगड्यांवर होतो, दिव्यांचे लोळ डोळे दिपवितात, घामाचा आणि धुराचा वास अंगास चिकटतो, आणि घरी परतल्यावरही कानांत बराच वेळ शीळ वाजत राहते. त्या शिळेस अनुभवाचा प्रसाद समजणारे तरुण पुष्कळ आहेत. वस्तुतः ती कानाने केलेली तक्रार होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलांच्या वर जाऊ नये असा दंडक सुचविला, तो याचसाठी.

महाराष्ट्रात या संगीताचे घर मुंबईत होते. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह आहे. तेथे १९७८ साली 'जॅझ यात्रा' भरली, १९८० साली 'द पोलीस' हा इंग्रज वाद्यवृंद वाजून गेला, आणि १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा देशी वृंदांचा मेळा सुरू झाला. मुंबईतील महाविद्यालयीन पोरे आभाळाखाली दगडी पायऱ्यांवर बसून जे अनुभवीत होती, ते कडेगावाकडच्या माळावर घोंगडीवर बसलेल्या शेतकऱ्याला अपरिचित वाटले नसते. भाषा निराळी, वेश निराळा. पण छातीत घुमणारा खर्ज, शेजाऱ्याच्या खांद्याचा धक्का, आणि आपण एकटे नाही ही जाणीव तीच.

दोघांवर संकटही एकच आले. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा ठरली. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतताक्षेत्र झाले. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. रंगभवन रुग्णालयांच्या आणि शाळेच्या शेजारी असल्यामुळे २००३ च्या सुमारास तेथील मैफली थांबल्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देण्याचा अधिकार मात्र राज्य सरकारांकडे राहिला. २०१० साली नियमांत दुरुस्ती होऊन बंद जागेखेरीज इतरत्र रात्री केवळ यंत्रच नव्हे, तर वाद्यही वर्ज्य झाले. म्हणजे कर्ण्यासाठी विणलेल्या जाळ्यात ढोलकीही सापडली. रॉकची मैफल तीन तासांची. ती सायंकाळी सहाला मांडून नऊला आवरता येते. तमाशाचे तसे नाही. ज्या वेळी गवळण संपून वगाची उत्कंठा वाढावयाची, त्याच वेळी फड आवरावा लागतो.

या वादात एकच बाजू खरी असे म्हणता येणार नाही. भिंतीपलीकडे ज्वराने तळमळणारा रोगी, परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, अंगाई संपूनही न निजलेले तान्हे, यांनी फडाचे तिकीट काढलेले नसते. ऐकण्याचा जसा हक्क आहे तसा न ऐकण्याचाही आहे, आणि दुबळ्याचा हक्क आधी राखावयाचा हा न्याय सर्व धर्मांस मान्य आहे. भिंतीएवढे कर्णे गाड्यांवर रचून मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हादरविणाऱ्यांनी हा न्याय इतक्या वेळा तुडविला की कायद्यास कठोर व्हावेच लागले.

परंतु इतिहास येथे एक भेद दाखवितो, तो विसरू नये. जुन्या फडाच्या नादास निसर्गाची मर्यादा होती. माणसाचा श्वास, कातड्याचा ताण आणि मनगटाचे बळ यांपलीकडे तो जाऊच शकत नव्हता, आणि गेला तरी अंतर त्यास चौथाई करीत जाई. म्हणून यात्रा गावाबाहेर माळावर भरविली की गावही निजे आणि फडही जागे. यंत्राने ही मर्यादा मोडली, आणि तिची जागा घेण्यास घड्याळाला यावे लागले. आता घड्याळ ढोलकी आणि कर्णा यांत फरक करीत नाही. दोहोंस एकाच दोराने बांधणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. वस्तीपासून पुरेशा दूर असलेल्या माळावर, यात्रेच्या एखाद-दोन रात्री, यंत्रावाचून किंवा अगदी माफक यंत्राने चालणाऱ्या फडास उजाडेपर्यंत वाव देण्याची तरतूद करणे राज्यकर्त्यांस अशक्य नाही. त्याने कोणा रोग्याची झोप मोडणार नाही, आणि एका जुन्या कलेचा शेवटचा अंक तरी वाचेल.

ही गोष्ट केवळ करमणुकीची नाही. घराघरांत आज हवे ते गाणे हव्या त्या क्षणी कानांत घालता येते. त्यासाठी कोणाच्या शेजारी बसावे लागत नाही, कोणासाठी गप्प राहावे लागत नाही. फडात मात्र मराठा, माळी, मुसलमान, मांग असे सारे एका थापेवर डोलत, आणि वग संपेपर्यंत एकमेकांस सोसत. कडेगावच्या चौकात ताबुतांच्या भेटीस लोक अजून जमतात, एका ठेक्यावर पावले टाकतात, ते याच जुन्या सवयीचे उरलेले धन आहे. समाज एकत्र बोलण्याने जितका घडतो तितकाच एकत्र ऐकण्याने घडतो. दुसऱ्याला ऐकू यावे म्हणून आपण शांत राहावे, हा धडा यंत्राआधीच्या त्या रात्रींनी अक्षरशत्रू माणसांनाही शिकविला होता. तो विसरला गेला तर आवाज कितीही वाढविला तरी ऐकू येणार नाही.